जुन्या स्पोर्ट्स कारचे बाहेर आलेले बंपर आत घेताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून बंपरचा नियम आला. पुढून ताशी ५ मैल आणि मागून ताशी अडीच मैल वेगाने भिंतीला धडक बसली तरी दिवे, इंधनाची व्यवस्था, बॉनेट असे भाग शाबूत राहिले पाहिजेत, अशी अट होती. १९७४ पासून मागच्या बाजूलाही ५ मैलांची अट लागली. कंपन्यांनी मग त्याच गाड्यांचे बंपर पुढे काढले, मागे धक्का पचवणारे दांडे बसवले आणि मधली फट रबरी पट्ट्यांनी झाकली. १९८३ च्या मॉडेलपासून ही अट पुन्हा अडीच मैलांवर आली. त्यामुळे मधल्या काळातल्या अमेरिकेसाठी बनलेल्या बहुतेक स्पोर्ट्स कार हातभर पुढे आलेल्या बंपरसह मिळतात.

हे बंपर आत घेता येतात आणि गाडी खरोखर सुंदर दिसते. फक्त एक गोष्ट आधी पटवून घ्या: हे काम चकाकणाऱ्या पट्टीचं नाही, तिच्या मागच्या बैठकीचं आहे. ब्रॅकेट (बंपर गाडीला जोडणारे आधार) कुठे बसतात, दांड्यात काय भरलंय, कोपऱ्यात किती जागा आहे, हे समजलं की बाकीचं सोपं जातं. पट्टीपासून सुरुवात केली तर बंपर बसतो, पण वाकडा बसतो.

१. आधी मागे काय आहे ते बघा

गाडी जॅकवर घ्या, स्टँडवर ठेवा आणि टॉर्च घेऊन बंपरच्या मागे डोकवा. चारपैकी एक प्रकार दिसेल.

पहिला प्रकार म्हणजे नळीत सरकणारी नळी. दिसायला जाड शॉक ॲब्सॉर्बरसारखी, आत दाबाखालचा वायू आणि तेल. डॅटसन २८० झेड आणि अमेरिकेसाठीच्या पोर्शे ९११ मध्ये असे दांडे आहेत. त्याच काळातल्या इतर देशांसाठीच्या ९११ मध्ये मात्र धडकेत चेपणाऱ्या साध्या नळ्या होत्या. म्हणून मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवू नका, तुमच्या गाडीखाली काय आहे ते बघा.

दुसरा प्रकार पोलादी पट्ट्यांमध्ये चिकटवलेल्या रबरी ठोकळ्यांचा. यात दाब नसतो, काम बरंच निर्धोक. तिसऱ्यात प्लास्टिकच्या कव्हरमागे फोम किंवा मधमाशांच्या पोळ्यासारखा ठोकळा असतो. त्याची जाडीच बंपर बाहेर ढकलते, त्यामुळे तो काढला तर कव्हरला नवा आधार द्यावा लागतो.

चौथा प्रकार एमजीबी या ब्रिटिश गाडीसारखा: पोलादी सांगाड्यावर जाड काळं कव्हर, १९७४ च्या उत्तरार्धापासूनचं. हा बंपर आत घेता येत नाही, बदलावाच लागतो. पुढचे इंडिकेटर बंपरमध्ये आहेत, मडगार्डचा खालचा भाग वेगळा कापलेला आहे, आणि बंपर काढला की खालचा पत्रा अपुरा पडतो. तिथे क्रोम बंपर लावायचा तर पत्र्याचं वेल्डिंग आणि रंगकाम धरूनच चला. नुसते बोल्ट खोलून होणारं हे काम नाही.

२. आत घ्यायचा, बदलायचा की काढूनच टाकायचा?

पहिल्यांदा करत असाल तर आहे तोच बंपर आत घ्या. सुटे भाग कमी लागतात आणि बहुतेक काम परत मूळ स्थितीत आणता येतं.

जुन्या सडपातळ मॉडेलचा बंपर लावायचा असेल तर फक्त पट्टी विकत घेऊ नका. आधीच्या डॅटसन २४० झेडचा बंपर २८० झेडवर शोभून दिसतो, पण बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि मधले ब्रॅकेट बनवावे लागतात. बंपर, ब्रॅकेट, कोपऱ्याचे आधार आणि दिवे असा पूर्ण संच मिळत असेल तरच हात घाला. सुटे सुटे जमवण्यात पट्टीपेक्षा ब्रॅकेट जास्त छळतात.

बंपर पूर्ण काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. अनेक ठिकाणी तपासणीत गाडी नापास होते, आणि दुसऱ्या गाडीचा हलका धक्काही थेट दिव्यांवर आणि बॉनेटच्या कडेवर येतो.

३. कागदपत्रं आणि सामान

कामाआधी तीन कागद समोर हवेत: नोंदणीचा दाखला, विम्याची पॉलिसी आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले बदलांचे नियम वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडीच्या बाहेरच्या भागांसाठीच्या युरोपच्या नियमात बंपरची टोकं बॉडीकडे वळलेली असावीत आणि बंपरच्या बाहेरच्या कडक भागांची गोलाई ५ मिमीपेक्षा कमी नसावी असं आहे. तुमच्याकडे हा नियम लागू नसला तरी पाळा. कापून तशीच ठेवलेली टोकं पादचाऱ्याची मांडी फाडतात.

सामान असं:

- सॉकेट आणि पाने. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांना इंची, जपानी आणि युरोपियन गाड्यांना मिमीचे
- गंज सोडवणारं तेल, वायर ब्रश
- ड्रिल, ३ आणि ८.५ मिमीचे बिट, बाकावरचा व्हाइस, कानस
- लोखंडी कोनपट्टी आणि पत्रा कापायला ग्राइंडर
- डोळ्यांवर पूर्ण बसणारा गॉगल, जाड हातमोजे, मास्क
- एम-८ आणि एम-१० चे (८ आणि १० मिमी व्यासाचे) ८.८ ग्रेडचे, म्हणजे मजबूत दर्जाचे बोल्ट, नायलॉनचे लॉक नट, ३ मिमी जाडीचे मोठे वॉशर
- फट भरायला २ आणि ३ मिमीच्या पॅकिंग पट्ट्या
- ओळंबा, पाणसळ, मास्किंग टेप, जाड पुठ्ठा
- १.५ चौरस मिमीची वायर, रबरी ग्रोमेट (वायर जाते त्या भोकात बसणारी कडी), पोकळ्यांत मारायचं मेण

४. काढण्याआधी मोजा

बंपर जागेवर असतानाच मापं घ्या, कारण काढल्यावर संदर्भ उरत नाही. बंपर आणि बॉडीमधली फट मध्यभागी, दोन्ही दिव्यांखाली आणि दोन्ही टोकांना मोजून टेपवर तिथेच लिहा. बंपरच्या वरच्या कडेपासून हेडलाइटच्या रिंगपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घ्या. जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूत काही मिमीचा फरक असतोच. तो आता नोंदवला नाही तर पुढे स्वतःच्या ब्रॅकेटवर संशय घेत बसाल.

कोपऱ्याचं गणित इथेच करा, कारण नवखे सगळ्यात जास्त इथे अडकतात. बंपर मागे सरकला की त्याची वळलेली टोकं मडगार्डवरून मागे जातात, आणि गाडी मागे रुंद होत जाते. समजा टोकाशी आता २२ मिमी फट आहे आणि मडगार्ड दर २५ मिमीला ६ मिमी बाहेर येतो. बंपर ५५ मिमी आत घेतला तर साधारण १३ मिमी फट खाल्ली जाते आणि ९ मिमी उरते. ते पुरेसं नाही. धातूच्या बंपरला सगळीकडे किमान १० आणि टोकांना १२ ते १५ मिमी ठेवा, नाहीतर खराब रस्त्यावर टोक रंगाला घासतं. इथे ४० मिमीच आत घ्या: १० मिमीच्या आसपास फट जाते, १२ उरते. त्याहून आत हवा असेल तर पट्टी अरुंद करावी लागेल, ते पुढे सांगतो.

मागच्या बाजूला सायलेन्सरची नळी बघा. बंपर आत गेला की नळी तेवढीच बाहेर डोकावते. प्लास्टिकचं कव्हर असेल तर नळीपासून ५० मिमी तरी दूर हवं, नाहीतर मऊ पडून लोंबतं.

५. बंपर उतरवणं

आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. बॅटरीचं ऋण टोक काढा. दिव्यांचे कनेक्टर सोडवून प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा.

हे बंपर जड असतात, एकट्याने उतरवू नका. खाली लाकडी फळी ठेवलेला जॅक लावा आणि दुसऱ्या माणसाला टोक धरायला सांगा.

ब्रॅकेटचे बोल्ट बहुतेक वेळा चेसिसच्या पोकळ पट्टीत वेल्ड केलेल्या नटांत जातात. जोर लावला की बोल्ट तुटतो किंवा नट आतच गरगर फिरू लागतो. म्हणून अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. नट फिरायलाच लागला तर पट्टीच्या बाजूने छोटी खिडकी कापून आत पाना घालावा लागतो, आणि नंतर ती खिडकी वेल्ड करून बंद करावी लागते.

बोल्ट सुटत नाही म्हणून गॅसची ज्योत लावायचा मोह होईल. दांडा गाडीवर असताना ज्योत अजिबात लावू नका. आतलं तेल आणि वायू तापले की दांडा फुटू शकतो.

६. दांड्यातला दाब सोडणं

या कामातली सर्वात धोक्याची पायरी हीच आहे, म्हणून सावकाश वाचा.

दांड्याच्या आत एका बाजूला दाबाखालचा वायू असतो आणि दुसऱ्या बाजूला तेल. धडकेत तेल बारीक छिद्रातून ढकललं जातं, नंतर वायू दांड्याला परत बाहेर ढकलतो. हा दाब कित्येक दशकांनंतरही टिकून असू शकतो. गंजलेला आहे म्हणजे रिकामा झाला असेल, असं धरू नका.

आधी दोन्ही दांड्यांची लांबी मोजून बघा. एक आखूड असेल तर तो कधीतरी आत जाऊन अडकला आहे. अडकलेला दांडा दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा असतो आणि कधीही सुटून उडू शकतो. असा दांडा दिसला तर बोल्ट सैल करण्याआधीच बंपर साखळीने चेसिसला बांधा, आणि आत्मविश्वास नसेल तर अनुभवी गॅरेजकडे द्या.

बाकीच्या दांड्यांसाठी:

१) दांडा व्हाइसमध्ये आडवा पकडा. त्याच्या अक्षाच्या रेषेत उभे राहू नका, बाजूला राहा. गॉगल आणि हातमोजे घातलेले हवेतच.

२) भोक कुठे पाडायचं हे मॅन्युअलमध्ये दिलं असेल तर तीच जागा घ्या. अनेक अमेरिकन दांड्यांत ती आतल्या नळीवर, बंपरकडच्या टोकाजवळ असते.

३) भोवती जाड फडकं गुंडाळा आणि ३ मिमीच्या बिटने हळूहळू भोक पाडा. सुस्कारा ऐकू आला की थांबा. आवाज पूर्ण बंद होऊ द्या, मगच बिट बाहेर काढा.

४) तेलाच्या बाजूला दुसरं भोक पाडून तेल भांड्यात गाळून घ्या. ते गटारात टाकू नका, वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत द्या.

५) आता आतली नळी ढकलून बघा. सरकत नसेल तर व्हाइसच्या जबड्यांत हळूहळू दाबा.

कापणं, ग्राइंडर लावणं, वेल्ड करणं हे सगळं यानंतरच.

७. नवी बैठक

दोन मार्ग आहेत. पहिला, दाब सोडलेला दांडाच हव्या त्या लांबीवर पक्का करणं. दोन्ही नळ्यांतून आरपार ८.५ मिमीची दोन भोकं पाडा, एकमेकांपासून किमान ४० मिमी अंतरावर, आणि एम-८ चे बोल्ट टाका. एकाच बोल्टवर भागवलं तर भोक हळूहळू लांबट होतं आणि बंपर खडखडू लागतो. वेल्डिंग करणारे बरेच असतात, पण आत राहिलेल्या तेलाची वाफ पेट घेते आणि जस्ताच्या मुलाम्याचा धूर छातीत जातो. बोल्ट पुरतात.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: दांडा बाजूला ठेवून नवा ब्रॅकेट बनवणं. ४० × ४० मिमीची, २.५ मिमी जाडीची चौकोनी नळी, दोन्ही टोकांना ५ मिमीच्या प्लेटी. लांबी सरळ वजाबाकीने निघते. जुना दांडा बैठकीपासून बैठकीपर्यंत १९० मिमी असेल आणि ४० मिमी आत घ्यायचं असेल तर नवा ब्रॅकेट १५० मिमी. बंपरकडच्या प्लेटीत गोल भोकांऐवजी ११ × २५ मिमीचे आडवे खाचे ठेवा, चेसिसकडच्या प्लेटीत उभे. म्हणजे डावं-उजवं आणि वर-खाली दोन्ही जुळवता येतं. आत-बाहेरचा फरक पॅकिंग पट्ट्यांनी काढा.

ब्रॅकेट जितका दणकट तितका चांगला, असं वाटणं साहजिक आहे, पण ते चूक आहे. दांडा गेल्यामुळे धक्का पचवणारं आता काही उरलेलं नाही. ब्रॅकेट जाड भरीव पोलादाचा केलात तर किरकोळ धडकेत चेसिसची पट्टी वाकेल, आणि ती सरळ करणं हे ब्रॅकेट बदलण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. ब्रॅकेट आधी वाकला पाहिजे, म्हणून पातळ नळी.

गाडी ओढायचा हुक जुन्या ब्रॅकेटवर असेल तर त्याची सोय चेसिसवर वेगळी करा. पातळ ब्रॅकेटला दोर बांधून गाडी ओढली तर तो उपटून निघेल.

८. पट्टी अरुंद करायची असेल तर

अनेक बंपर तीन तुकड्यांचे असतात: मधली पट्टी आणि दोन कोपरे. मधल्या पट्टीची टोकं कोपऱ्यांच्या आत झाकलेली असतात. तिथूनच दोन्ही बाजूंना सारखं कापा, सांधा रबरी पट्टीखाली लपतो आणि बाहेरचं क्रोम शाबूत राहतं. आधी थोडं कमी कापा, लावून बघा, मग उरलेलं. कापलेल्या कडेला मुलामा उरत नाही आणि गंज तिथूनच शिरतो, म्हणून कड कानसून लगेच जस्ताचं प्रायमर मारा.

क्रोम असलेल्या भागावर थेट वेल्डिंग करू नका. तो धूर विषारी असतो. आधी मुलामा देणाऱ्याकडून क्रोम उतरवून घ्या, मग वेल्ड, मग पुन्हा मुलामा. आणि सांध्यावर लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून क्रोमला पाठवू नका. लांबीतून वीज वाहत नाही, त्यामुळे तिच्यावर तांबं, निकेल, क्रोम काहीच चढत नाही. खाचखळगे हातोडीने आणि कानशीनेच काढून द्यावे लागतात.

फायबरचा बंपर आणला असेल तर रंगाआधी गाडीवर लावून बघा. तो जवळजवळ कधीच तंतोतंत बसत नाही, आणि रंगवलेला तासणं म्हणजे पैसे पुन्हा मोजणं.

९. जुळवणी

पुठ्ठ्याचा साचा कापून टोकांची फट आधी तपासा. मग बंपर बोटांनी आवळलेल्या बोल्टांवर टांगा. पाणसळीने आडवी रेघ बघा, पण शेवटचा निर्णय पाणसळीवर सोडू नका. जमीन सपाट नसते आणि स्प्रिंगा सारख्या बसलेल्या नसतात. बंपरची रेघ बॉडीच्या जवळच्या रेघेशी समांतर करा आणि पाच-सहा मीटर मागे जाऊन उकिडवं बसून बघा. मध्यबिंदू शोधायला बॉनेटच्या मधल्या रेघेवरून ओळंबा सोडा.

बॉनेट आणि डिकी पूर्ण उघडून बघा. रेडिएटरच्या वाऱ्याची वाट पट्टीने अडत नाही ना, हेही बघा. बंपर आत घेताना लोक तो थोडा वरही घेतात आणि जाळीचा अर्धा भाग झाकून टाकतात. मग उन्हात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं आणि दोष थर्मोस्टॅटवर जातो.

एम-८ चे बोल्ट २५ आणि एम-१० चे ४५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळा. ॲल्युमिनियमच्या पट्टीला पोलादी बोल्ट लावत असाल, जसं ९११ मध्ये, तर मध्ये नायलॉनचा वॉशर द्या. नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं.

१०. उरलेली भोकं

रबरी पट्ट्या काढल्या की मडगार्डवर भोकं दिसतात. लहान भोकांना रबरी बूच पुरतं. मोठ्या भोकांवर वरून फायबर थापू नका, मागून पाणी शिरतं आणि वर्षा-दोन वर्षांत फुगा येतो. तिथे ०.८ ते १ मिमीचा पत्रा, थेंबाथेंबाने वेल्ड. एका जागी सलग वेल्ड केलात तर पत्रा तापून लाटा पडतात. आतून मेण मारा.

११. दिवे

सगळं जोडल्यावर इंडिकेटर भरभर लुकलुकतो किंवा मंद जळतो, आणि लोक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलत बसतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं. अनेक जुन्या गाड्यांत बंपरमधल्या दिव्यांचं अर्थिंग (वीज परत जाण्याची वाट) बंपर आणि ब्रॅकेटमधूनच जातं. ब्रॅकेटला नवा रंग आणि मध्ये नायलॉनचे वॉशर आले की ती वाट बंद होते. प्रत्येक दिव्यापासून चेसिसच्या उघड्या धातूपर्यंत स्वतंत्र वायर टाका. एलईडी लावले असतील तर जुना तापून चालणारा फ्लॅशर काढून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा.

नंबरप्लेट आणि तिचा दिवा झाकला जात नाही ना, हे मागून अंधारात तपासा.

१२. पहिले काही दिवस

स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर कुठे लागत नाही ना ते बघा, मग गाडीत दोन माणसं बसवून पुन्हा. टोकांशी मडगार्डवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवून खराब रस्त्यावर फेरी मारा. टेपवर चरा उठला तर त्या बाजूला २ मिमीची पॅकिंग पट्टी वाढवा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण नव्या प्लेटीवरचा रंग दबला की ते थोडे सैल पडतात.

काढलेले बंपर, रबरी पट्ट्या आणि बोल्ट भंगारात देऊ नका. बोल्ट पिशव्यांत घालून नावं लिहा, पट्टीच्या आतल्या बाजूला मेण मारा आणि कोरड्या जागी उभी ठेवा. भोक पाडलेल्या दांड्यांवर मात्र ठळक अक्षरांत "दाब सोडलेला" असं लिहून ठेवा. नाहीतर पुढचा मालक ते धक्का पचवतील असं समजून परत लावेल.